रिग्मोरच्या बागेतला डबा

एलिनॉरने सायकल फाटकाला टेकवली आणि मागचं धुरावलेल्या हेरिंग माशांचं पुडकं उचललं. मासे नुसतं निमित्त होतं. नवरा दात काढून घ्यायला रोन्नेला गेला होता, चारपर्यंत परतणार नव्हता. तेवढ्यात तिला तो रेल्वेचा डबा एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

डबा सफरचंदाच्या झाडांमागे उभा होता. बोर्नहोम बेटावरची रेल्वे बंद पडून तीस वर्षं झाली होती. रूळ उखडले, डबे लिलावात गेले, आणि त्यातला हा एक रिग्मोरच्या नवऱ्याने कोंबड्यांसाठी आणून ठेवला. पुढे नवरा गेला, कोंबड्याही गेल्या. मग रेल्वेच्या संग्रहालयाला डब्याचा पत्ता लागला आणि त्या विधवेला राजी करायचं काम टोर्वाल्डने, म्हणजे एलिनॉरच्या नवऱ्याने, आपणहून अंगावर घेतलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो इथे येत होता. "बाई हट्टी आहे," घरी येऊन सांगायचा. "अजून पाघळत नाही."

ती हट्टी बाई खाली पडलेली सफरचंदं टोपलीत गोळा करत होती. एलिनॉरला पाहून ती कशीबशी उठली. गुडघ्यांना माती, पायात नवऱ्याचे जुने बूट. हिच्यात बघण्यासारखं आहे तरी काय, असं एलिनॉरच्या मनात आलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"ये गं, आतच बसू," रिग्मोर म्हणाली. "टोर्वाल्डने काय करून ठेवलंय बघ तरी."

आत पाऊल टाकताच ते बरं वाटणं गेलं. बाकं तासून, घासून, वॉर्निश लावून चकचकीत केली होती. खिडक्यांचे चामडी पट्टे नवेकोरे होते. घरी स्वयंपाकघराचं दार दोन हिवाळे कुरकुरत होतं. त्यावर तेलाचा थेंब टाकायला या माणसाला सवड नव्हती. फळीवर कॉफीचे कप पालथे घातले होते. दोनच.

"काय करता गं दोघं इथे?" आवाज जमेल तितका हलका ठेवत तिने विचारलं.

"तो काम करतो, मी सफरचंदं सोलते. कुठल्या स्टेशनावर गाडी किती मिनिटं थांबायची ते सांगत असतो. मला त्यातलं काय कळतंय? मी ऐकते."

पस्तीस वर्षं तेच ऐकून एलिनॉरचे कान किटले होते. पण आता ते दुसरी कुणी ऐकते म्हटल्यावर तिच्या पोटात दुखलं.

"मग देऊन टाक ना एकदाचा डबा," ती म्हणाली. "सात महिने झाले. किती हेलपाटे घालायला लावशील त्याला?"

"मी?" रिग्मोर चकित झाली. "अगं, मी पहिल्याच दिवशी न्या म्हटलं. कागदावर सहीसुद्धा करून दिली. तोच म्हणतो, लाकूड अजून ओलं आहे, हलवलं तर तडे जातील."

"सात महिने ओलं?"

"हो, आता तोच म्हणतो तर..."

रिग्मोर बोलता बोलता थांबली. तिने बाकावर हात ठेवला. उन्हाळाभर पाऊस असा पडलाच नव्हता. लाकूड खडखडीत होतं. तिने ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली, सोळा वर्षांच्या पोरीला चढावी तशी.

हिला माहीत नव्हतं. आत्ता या क्षणापर्यंत खरंच माहीत नव्हतं. दहा किलोमीटर सायकल मारत येऊन एलिनॉरनेच ते तिला सांगितलं होतं.

"सोमवारी क्रेन पाठवायला सांगते मी संग्रहालयाला," ती घाईघाईने म्हणाली.

"सांग ना," रिग्मोर म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं. ती खिडकीकडे वळली आणि काचेत बघत, विस्कटलेले पांढरे केस बोटांनी सावकाश नीट करू लागली.