घाटाच्या तोंडाशी

नानासाहेब गाडीतून उतरले ते छाती फुगवूनच. उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजसमोर उभं राहून त्यांनी हाळी दिली, "गोकुळ, ये बाहेर! तुझ्या वहिनीला बसवून दौलताबादचा घाट चढवला आज!"

मंजुषा गाडीतच बसून राहिली. हा माणूस असा ओरडत होता, जणू बायकोला विमानात फिरवून आणलंय! तिच्या मनात नुसता राग खदखदत होता. लग्नानंतर गाडी घेतली त्याला अकरा वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा ती घाट गाडीत बसून चढली होती.

दर पंधरा दिवसांनी देवगाव रंगारीला जायचं, सासूला भेटायचं, शेत बघायचं. जाताना म्हशीसाठी सरकी पेंडेचं पोतं न्यायचं. आणि घाटाच्या तोंडाशी आलं की नानासाहेब ब्रेक दाबायचे. "उतर. गाडीवर लोड येतोय." ती उतरायची. चैत्राच्या उन्हात उतरली, धो धो पावसात उतरली, अंगात ताप असताना उतरली. पोतं मात्र मागच्या सीटवर ऐसपैस बसून वर जायचं. एकदा तिनं विचारलं होतं, मग पोतं का नाय उतरवत? "पोत्याला पाय हायेत का?" म्हणून नानासाहेब पोट धरून हसले होते. ती चढ चढत असताना ट्रकवाले मान वळवून बघायचे, सहलीच्या बसमधली पोरं हात हलवायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धापा टाकत वर पोचली की नवरा चहा पिऊन गाडीला टेकून उभा. वर म्हणायचा, "लई वेळ लावला."

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितला तेव्हा तिनंही सांगून टाकलं, "आता मी उतरणार नाय. उतरवायचं असंल तर मी गावालाच येणार नाय. तुमच्या आईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

नानासाहेब हादरले. पण केलं काय? मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि परस्पर दुसऱ्या दुकानातून गाडीला लाल रंगाचं भारीतलं एअर फिल्टर बसवून आणलं. त्यानं म्हणे इंजिनाला हवा जास्त मिळते, पिकअप वाढतो. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. ताटावर फिल्टर, अंथरुणावर फिल्टर. तिच्या गुडघ्यांची चौकशी मात्र एकदाही नाही.

आज सकाळी घाटाच्या तोंडाशी तिचा हात सवयीनं दाराकडं गेला. "बस, बस, आता गरज नाय," नानासाहेब म्हणाले. गाडीनं तिला पोत्यासकट वर नेलं. थोडी कुरकुरली, पण नेलं. "आवाज ऐकला का? वाघ हाय वाघ!" तिला तर रोजचाच आवाज ऐकू आला होता.

गोकुळ हात पुसत बाहेर आला. गाडी नवी होती तेव्हापासून तोच तिचं सगळं काम करायचा.

"घाट चढली ते बरं झालं, नाना. पण त्यात एवढं काय?"

"आरं, लाल फिल्टर! त्याचीच तर कमाल!"

"ते तर इथं फळीवर पडलंय."

गोकुळनं बॉनेट उघडलं, काळ्या डब्याचं झाकण काढलं आणि आतलं साधं कागदी फिल्टर दाखवलं. "परवा ऑइल बदलायला आणली तवा बघितलं. त्या लाल फिल्टरची क्लिप ढिली व्हती, धूळ सरळ इंजिनात जात व्हती. म्हणून कंपनीचंच परत बसवलं. तुम्हाला दोनदा फोन लावला, उचलला नाय तुम्ही."

"मला न विचारता?" नानासाहेब भडकले. "मी माझ्या कानानं आवाज ऐकलाय!"

"त्या फिल्टरनं आवाजच वाढतो, नाना, ताकद नाय वाढत. एवढ्याशा इंजिनाला लागती तेवढी हवा हे बी देतंय. तुमची गाडी पयल्यापासून अशीच चढतीय."

पयल्यापासून. मंजुषानं दार उघडलं आणि खाली उतरली.

"मला घेऊन ही गाडी कधी बंद पडली, ते सांगा," ती म्हणाली. "कोणत्या साली? कोणत्या वळणावर?"

नानासाहेब डोकं खाजवू लागले. ते खरोखरच आठवून बघत होते, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"बंद अशी... नाय पडली," ते म्हणाले. "आमचे आबा बैलगाडी चढाला लागली की आईला उतरवायचे. बैलांना त्रास नको म्हणून. मग मी बी गाडी घेतल्यापासून... आता तुला बसवून बघितलंच नाय ना कधी!"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षं! कुणाच्या तरी बैलांसाठी ती या पत्र्याच्या डब्यातून उतरत होती! ती पुढं झाली आणि नानासाहेबांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"गोकुळभाऊ, चला घाटाकडं, गाडी तुम्ही चालवा," ती म्हणाली. "मला बसवून कधी बघितलं नाय ना यांनी, आज यांना घाटाच्या तोंडाशी उतरवून बघू."