खाली लाइन

सात नंबरच्या मशीनचा काटा साडेतीनवर होता, आणि वृषालीच्या लॅपटॉपच्या मते तो चार पॉईंट आठवर असायला हवा होता. तीन आठवडे दोघांचं हे भांडण चालू होतं. सुरतजवळच्या सचिन गावातल्या त्या डाइंग मिलमध्ये बॉयलरपासून निघालेली वाफ कुठून कुठे जाते, वाटेत तिचं प्रेशर किती उतरतं, हे सगळं तिने गणितात बसवलं होतं. पहिल्या चार मशीनांशी ते जवळपास जुळायचं. पाचपासून बिघडायला लागायचं आणि सातला पार नाक कापलं जायचं.

मॅनेजर ललितभाई हात मागे बांधून शेजारी उभे होते. माणूस वाईट नव्हता, वाट बघून कंटाळला होता.

"काले सवारे जूनी लाइन कापी नाखशुं, बेन," ते म्हणाले. उद्या सकाळी लाइन कापायची, मोठा पाइप टाकायचा, विषय संपला. "तमारुं मॉडेल सारुं छे. कॉम्प्युटरमां."

वृषालीला हे चांगलंच लागलं. मोठा पाइप टाकून दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही, हे तिला कळत होतं. पण दुखणं कुठे आहे तेच सापडत नव्हतं. आणि लाइन एकदा कापली की आपलं कुठे चुकलं हे जन्मात कळणार नाही, याची तिला भीती वाटत होती.

तिने पुन्हा वही उघडली. या मिलचा छापील नकाशा नव्हताच. होती ती हिलालआप्पांची वही. आप्पा इथले सगळ्यात जुने स्टीम फिटर, अमळनेरकडचे. एकेक पाइप त्यांनी पेन्सिलने काढला होता आणि शेजारी शाळेतल्या मराठीत टीप लिहिली होती.

"आप्पा, सहा नंबरच्या अलीकडची ही फांदी कधीपासून बंद आहे?"

हिलालआप्पांनी चिंधीला हात पुसले. "बंद? कोनी सांगं तुले?"

"तुम्हीच लिहिलंय. हे काय, 'खाली'."

"हा मंग. खाले शे ना ती." त्यांनी बुटाची टाच फरशीवर आपटली. "फरशीना खाले. धुलाईनी टाकीले जास."

वृषाली वहीकडे बघतच राहिली. सुरतच्या उधन्यात वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली मुलगी. घरात मराठी असली तरी 'खाली' वाचलं की तिच्या डोळ्यांपुढे रिकामंच येणार. रिकाम्या पाइपातून वाफ जात नाही, म्हणून तिने तो पाइप गणितातून काढूनच टाकला होता. आणि तो बिचारा तिच्या पायाखालून रोज टाकीभर पाणी तापवत होता.

"किती इंची, आप्पा?"

"दोन."

"लांबी?"

"साठ फूट. वळनं धरीसन सत्तर."

ड्रमवर ठेवलेल्या लॅपटॉपवर ती तुटून पडली. बोटं घाईने भलत्याच आकड्यांवर पडत होती, दोनदा खोडून लिहावं लागलं. मग उत्तर आलं. तीन पॉईंट पाच दोन. तिने काट्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि तिला खुदकन हसू आलं. इतका आनंद तिला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

ललितभाई हसले नाहीत. "जवाब जोईने दाखलो तो कोई पण बेसाडे," ते म्हणाले. उत्तर बघून गणित कोणीही जुळवेल. त्यांचं अगदीच काही चूक नव्हतं.

"मग उत्तर आधी सांगते." वृषालीने मशीनच्या पत्र्यावर खडूने ठळक ४.८ लिहिलं. "टाकीचा वाल बंद करा. काटा इथे आला नाही, तर खुशाल लाइन कापा."

ललितभाईंनी घड्याळ बघितलं. "दस मिनिट."

आप्पांनी फरशीतलं लोखंडी झाकण उचललं, गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि वाल आवळत नेला. काटा जागचा हलला नाही. वाफेला वेळ लागतो हे वृषालीच्या डोक्याला ठाऊक होतं, छातीला नव्हतं. मग काटा सरकला. पावणेचार. चार. मशीनवरचे दोघे ऑपरेटरही काम टाकून येऊन उभे राहिले. साडेचार. चार पॉईंट सहा. चार पॉईंट सात, आणि तिथे जो थांबला तो थांबलाच.

आप्पा कमरेवर हात देऊन उठले, मीटरजवळ आले आणि बोटाच्या पेराने काचेवर दोन टिचक्या मारल्या. अडकलेला काटा सुटला आणि चार पॉईंट आठवर येऊन बसला.

ललितभाईंनी खिशातून फोन काढला. "कटरवाळाने ना पाडी दे," ते कोणाला तरी म्हणाले. पाइप कापणाऱ्याला नको म्हणून सांगायचं. मग पुन्हा एकदा काटा बघून आले.

"मॉडेल खोटं नव्हतं, आप्पा," वृषाली म्हणाली. "फक्त ते हा वाल बंद असलेल्या मिलचं होतं." ती भराभर वहीची पुढची पानं उलटू लागली. प्रिंटिंग, ड्रायर, मागची शेड. जिकडेतिकडे तीच टीप, खाली, खाली. तिने मोजली. अकरा. सबंध मिलचं गणित आता दिवेलागणीच्या आत जुळणार होतं. "या सगळ्या फरशीखालच्या. आत्ताच घालते."

आप्पांनी वहीवर हात ठेवला.

"थांब माय. त्यामा तीन खरंच खाली शेतस, रिकाम्या."