राजगडावरची रेघ

"रेघ अजून हाय," साळूबाई म्हणाल्या आणि खिडकीसमोर खुर्ची ओढून ठाण मांडून बसल्या. बोट राजगडाकडं. त्यांच्या मते काचेवरची रेघ गडाच्या बरोबर मधून जात होती आणि ती सुनेनं ठेवलेली होती.

शेफालीनं हातातला कागदाचा बोळा बादलीत टाकला. मार्गासनीच्या या नव्या घराला हनुमंतानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सरकत्या काचांची ही भलीमोठी खिडकी बसवली होती. हौस त्याची, पुसायचं हिनं. आणि आता तर त्या काचेवर तिचं नशीबच टांगलं होतं म्हणा ना. भोरच्या एका पतसंस्थेत तिला नोकरी लागली होती, सोमवारपासून जायचं होतं. सासूबाई नको म्हणाल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की जिला एक काच धड पुसता येत नाही ती घर आणि नोकरी काय डोंबल सांभाळणार. काच लख्ख झाली की खुशाल जा. हनुमंताला विचारलं तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, आई म्हणेल तसं. लग्नाची साडी घेतानाही तो हेच म्हणाला होता. तेव्हा शेफालीला ते गोड वाटलं होतं.

मग काय, लागली कंबर कसून. आधी वर्तमानपत्र झालं, ओलं आणि मग कोरडं. मग मोबाईलमधल्या बायांनी सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी. लिंबू आणि खायचा सोडा. बोअरच्या पाण्याचे डाग पडतात म्हणून प्यायचं गाळलेलं पाणी. उन्हात पुसलं की पाणी भरकन वाळतं आणि ओघळ उठतात, म्हणून सूर्य वर यायच्या आत. कुणी बिनदुधाचा चहा सांगितला, तोही गार करून तिनं काचेला पाजला. पुसायला हनुमंताचा जुना बनियन सगळ्यात चांगला निघाला. त्याचं काहीतरी तिच्या उपयोगी पडलं. शेवटी तिनं मोबाईलमधलीच एक युक्ती केली. आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं. रेघ आडवी राहिली तर चूक आतली, उभी राहिली तर बाहेरची.

आता सांगा, आडवी की उभी, तिनं सासूबाईंना विचारलं. साळूबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. न आडवी न उभी, म्हणाल्या, धुरकट हाय, धुक्यावानी. शेफालीनं काचेला नाक टेकेपर्यंत निरखून पाहिलं. तिला काही म्हणजे काही दिसेना.

शेजारच्या रतनबाई चहाला आल्या, तर त्यांना रेघ लगेच दिसली. चांगली ढळढळीत हाय की, म्हणाल्या आणि बशी पुढं केली. त्यांचं शेफालीनं मनावर घेतलं नाही. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायचा म्हणजे एवढं दिसावंच लागतं. पण हनुमंतालाही ती दिसायची. रोज संध्याकाळी आई विचारायची, तो मान तिरकी करून खिडकीकडं बघायचा आणि म्हणायचा, हाय, जराशी हाय. मग खोलीत येऊन बायकोची समजूत घालायचा. शेफालीला ते लई लागायचं. नोकरीचं जाऊ दे, या माणसानं एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी तिनं बाहेरची बाजू पुसायला काच सरकवली आणि पाणी बदलायला मोरीत गेली. परत येते तो साळूबाई खुर्चीत, बोट गडाकडं.

"हाय की अजून. काल व्हती तितंच."

शेफाली दारातच थबकली. काच दुसऱ्या काचेमागं सरकलेली होती. समोर नुसती मोकळी चौकट, बाहेरचे गज आणि पलीकडं राजगड. म्हातारी नाटक करत नव्हती, तिला ती रेघ खरंच दिसत होती.

दारापुढच्या ओट्यावर मोबाईल बघत बसलेल्या नवऱ्याला तिनं हाक मारली.

"आत्याबाई म्हणत्यात रेघ हाय. तुमी जरा जवळनं बघा आन् सांगा."

हनुमंत आला. त्यानं सरकवलेली काच बघितली, मोकळी चौकट बघितली. मग आईकडं बघितलं, मग बायकोकडं. खिडकी उघडी आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याला काही कुणाशी भांडायला सांगितलं नव्हतं.

हनुमंतानं घसा खाकरला.

"हाय," तो म्हणाला. "पण आज कमी हाय."

कमी कुठली, असं पुटपुटत साळूबाई उठल्या आणि रेघेवर बोट ठेवायला गेल्या. बोट काचेला लागलंच नाही. हात पुढं पुढं गेला आणि बाहेरच्या गजाला टेकला. त्यांनी गज चाचपला, चौकट चाचपली, बाजूला सरकलेल्या काचेची कड चाचपली. त्यांनी पदरानं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि पुन्हा गडाकडं बघितलं.

"उद्याची यष्टी चुकवू नगंस," त्या सुनेला म्हणाल्या. मग लेकाकडं वळल्या.

"माज्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आसंल, हणमंता. तुज्या डोळ्यांला काय झालंय?"