नववा मासा

समुद्रात असा एकही मासा नाही, जो शरद टिपणीस ओळखू शकत नाहीत. हे वाक्य त्यांनी स्वतःच जेवताना उच्चारलं आणि पुढ्यातली तुकडी सुरमईची म्हणून संपवली. ती घोळ माशाची होती. त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी सोलकढी वाढली.

रोह्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले टिपणीस सर गेल्या डिसेंबरात तळकोकणात पाठीला हवेचं नळकांडं बांधून समुद्राखाली उतरले होते. तीन डुबक्या, नऊ मासे, नऊ फोटो. मासे मोठे सोशिक. फोटो निघेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

परत आल्यावर सरांनी प्रवाळातल्या माशांचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि आठ मासे तासाभरात ओळखले. नववा मात्र कुठल्याच पानावर नव्हता. निळं अंग, पितांबरासारखं पिवळं पोट, शेंदरी शेपूट. आठवडाभर पानं उलटून सरांनी निष्कर्ष काढला की, विज्ञानाला हा मासा अजून भेटलेलाच नाही.

पेणच्या एका वाचनालयात रविवारचं व्याख्यान ठरलं : ‘मला सापडलेला नवा मासा’. पत्रिका छापल्या. वत्सलाबाईंनी त्या पुलापलीकडच्या अख्ख्या अष्टमी गावात वाटल्या.

गुरुवारी आसावरीचा फोन आला. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पत्रिकेवरचा फोटो तिने पाहिला होता.

“सर, हा मासा पोहत होता का?”

“पोहत म्हणजे... थांबला होता. माझ्याकडे बघत. मी डावीकडे गेलो तरी माझ्याकडे, उजवीकडे गेलो तरी माझ्याकडेच. पापणी लवली नाही त्याची.”

“सर, माशांना पापण्या नसतात.”

सरांचे कान तापले. सह्याद्री उलटा काढला म्हणून याच मुलीला त्यांनी तासभर बाकावर उभं केलं होतं.

“मी येतेय रविवारी. पुढेच बसेन,” आसावरी म्हणाली. ती गोड बोलली, हेच जास्त लागलं.

दोन दिवस सर भाजी आणायलाही बाहेर पडले नाहीत. पुलावर कुणी भेटलं आणि ‘काय सर, मासा काय म्हणतो?’ विचारलं, तर खाली बघायला नदीच उरली होती.

“अहो, पुढे ढकला ना व्याख्यान,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“काय कारण सांगू?”

“ताप आलाय म्हणा.”

“आणि तुला कुणी विचारलं तर?”

“मी सांगेन, माशाला आलाय.”

शेवटी सरांनी ठरवलं : फोटोवर शंका घेता येते, प्रतिकृतीवर नाही. मासा दोन्ही अंगांनी टेबलावर ठेवायचा. मग बघू दे आसावरीला काय बघायचं ते. शनिवारी सकाळी ते एसटीने हमरापूरला जनूच्या गणपतीच्या कारखान्यात पोचले. जनू वीस वर्षं गणपतींच्या डोळ्यांची आखणी करतो. त्याचा गणपती कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतो.

सरांनी नऊच्या नऊ फोटो पाटावर मांडले. जनूने एकेक उचलून पाहिला.

“सगळे तुमीच काढलात?”

“मीच.”

“पान्यात?”

“पंधरा फूट खाली.”

“चांगले आलेत,” जनू म्हणाला. फळीवरून त्याने एक कोरा मासा काढला. कुठल्या तरी मंडळाच्या देखाव्यातला उरलेला असावा.

फोटोकडे पुन्हा न बघता त्याने निळा रंग लावला, मग पिवळा, मग शेंदरी. तासाभरात मासा असा उतरला की, सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. उद्या मान वर करून बोलता येणार होतं. मग जनूने मासा उलटा केला आणि दुसऱ्या अंगाला, कल्ल्याखाली, एक पांढरा ठिपका दिला.

“जनू, फोटोत ही बाजू दिसतच नाही. ठिपका कुठून आणलास?”

जनू थोडा लाजला. कुंचला पुसत म्हणाला, “त्या डुबकीवाल्यांनी सांगितलेले तुमचे बाकीचे आठ शेजारच्या हितेशच्या कारखान्यात झाले, बुकात बघून. ह्यो येवढा मी मनानं रंगवला. सर, परत खाली उतराल तवा ठिपक्यापाशी नखानं जरा खरवडून बघाल का? खाऱ्या पान्यात फायबरवर रंग किती धरतो, ता मना हितं कळत नाय.”