पुढे चालणारा

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. थोरला लग्नाला नव्हता. तो ध्रुवाजवळच्या तळावर बर्फाचा अभ्यास करायला गेला होता, आणि हिवाळ्यात तिथून कुणाला परत येता येत नाही. जहाजच जात नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आई फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि आवाज मोठा करायची. बोलणं पलीकडे पोचायला वेळ लागे. म्हणून बोलून झालं की 'हं' म्हणायचं आणि मग दुसऱ्यानं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वडील तरीही मधेच तोंड घालायचे.

त्या रविवारी थोरला म्हणाला, "इथं पाऊस पडतोय. हं."

वडील हसले. "मग छत्री पाठवू का?"

पलीकडे कुणी हसलं नाही. वडिलांनी कप खाली ठेवला. "भर हिवाळ्यात पाऊस? अरे, तिथं सूर्यसुद्धा उगवत नाही म्हणाला होतास ना?"

"उगवत नाहीच. तरी पडतोय. समुद्राकडून गरम वारा सुटलाय. छपरावरून पाणी गळतंय, बाबा. या इमारतीला पन्हाळच नाही. बांधणाऱ्यांना कधी लागेल असं वाटलंच नाही. हं."

"तुम्ही सगळे आतच आहात ना? हं," आईनं विचारलं.

तो म्हणाला, "उद्या खाडीवर जायचंय. तिथं समुद्र गोठलाय, त्याच्यावर आमचं यंत्र आहे. खालचं पाणी किती तापलंय ते मोजतं. बर्फ फुटायच्या आत काढलं नाही, तर हिवाळाभराचं काम बुडालं. मी सळई घेऊन पुढे चालतो. टोचून बघतो, कुठं पातळ झालाय ते. मागून ड्रायव्हर गाडी आणतो. मी हात केल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. हं."

"काकू, काळजी करू नका," मागून दुसरा आवाज आला. हाच तो ड्रायव्हर. त्याला कुणाचा फोन येत नसे, म्हणून दर रविवारी तो थोरल्याच्या शेजारी येऊन बसे. "तुमचा लेक मुंगीच्या पावलानं चालतो. मागे गाडीत माझी एक झोप काढून होते. हं."

आई हसली नाही. ती फोनजवळ वाकली.

"तू जाऊ नकोस. हं."

"आई, हे काम माझंच आहे. बाकी कुणाला..."

"दुसरा कुणी करेल. तुला माझी शपथ आहे."

ती 'हं' म्हणालीच नाही. आता कुणी बोलायचं ते कुणालाच कळेना.

"अगं, कामावरच्या माणसाला शपथ घालतात का?" वडील हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला छत्री सुचते."

पलीकडे दोघांची कुजबुज झाली. मग ड्रायव्हर म्हणाला, "काकू, ऐका. उद्या याचा घोटा मुरगळलाय असं सांगतो आणि याला निजवतो. पुढे डॉक्टर चालतील. तेही बसून कंटाळलेत, कुणी आजारीच पडत नाही. झालं ना मनासारखं? हं."

"डॉक्टरांना बर्फ कळत नाही," थोरला म्हणाला. तोंड फिरवून, अगदी हलक्या आवाजात म्हणाला. पण स्वयंपाकघरात दोघांनाही ते नीट ऐकू आलं.

आता आईची पाळी होती. ती फोनकडे बघत राहिली. वडील काही म्हणणार, इतक्यात तिनं हात वर केला. ते थांबले. नेहमी न थांबणारा माणूस त्या दिवशी थांबला.

"सांभाळून जा रे बाळा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आलास की मला फोन कर. हं."

"करतो की. मला तरी दुसऱ्या कुणाला करायचाय?"

तो हसला. फोन बंद होईपर्यंत मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

सोमवार हा फोनचा वार नव्हता. संध्याकाळी तो वाजला तेव्हा आई त्याच्याजवळच बसली होती, पण तिनं उचलला नाही. वडिलांनी उचलला आणि आवाज मोठा केला. अनोळखी माणूस होता, तळाचा प्रमुख. त्यानं विचारलं, "ड्रायव्हरच्या काकू आहेत का? त्यानं घरचा म्हणून हाच नंबर देऊन ठेवलाय."

"माझा मुलगा?" आईनं विचारलं.

बोलणं जायला आणि यायला वेळ लागला. तेवढ्यात ती दोनदा देव देव म्हणाली.

"ते सुखरूप आहेत. घोटा मुरगळला होता, म्हणून गेले नाहीत. नशीब म्हणायचं."

आई सुटल्यासारखी रडली. मग एकदम थांबली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरांचं वजन बर्फानं पेललं, गाडीचं पेललं नाही. ड्रायव्हर त्या सोमवारी दुपारी वारला.