हिरवं पाकीट

निर्वात पेटीत वीज नेणारा विकतचा जोड शू सरांना परवडेना, म्हणून ई-तिंगनं नळाच्या पितळी तुकड्यात तारा घालून वरून इपॉक्सी ओतलं. आधीचे सगळे जोड गळले होते. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यांच्या सिंचू शहरात त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतातच. तिनं या वेळी ते थेट पेटीच्या आतच ठेवलं.

“तू भौतिकशास्त्र शिकतेस की भगतगिरी?” सर म्हणाले.

पंप सुरू झाला. पाकीट फुगत गेलं, फुगत गेलं आणि फुटलं. काचेआड नुसता चुरा.

“वाटोळं झालं, सर.”

“कसलं वाटोळं? बाहेरची हवा आत शिरत असती, तर फुटलं असतं का ते?” सर बूट चढवत होते. “तू पेटी पूस. मी नवं पाकीट घेऊन येतो.”