ट्रेनिंगचा फोटो

धुळ्याहून सुरक्षेचं ट्रेनिंग घेऊन आलेल्या नवल सुपरवायझरने ते बांधकामावरच्या मजुरांपुढे चहा निवायच्या आत उरकलं. एकेकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून फोटो काढले, साहेबांना पाठवले आणि नवी हेल्मेटं खराब नकोत म्हणून लगेच कुलपात टाकली. त्यातल्या लोटनने तेवढा आपला फोटो हौसेने मागून घेतला.

पुढच्याच महिन्यात लोटन परांचीवरून डोक्यावर पडला, तो उठलाच नाही.

दहाव्याला नवल साक्रीकडे त्याच्या घरी गेला. लोटनच्या बायकोने पाणी दिलं.

"तुमना उपकार, भाऊ. तुम्ही काढेल हाऊ फोटो व्हता म्हणीसन, नहीतं घरमा यासना एक बी फोटो नव्हता."

भिंतीवर, हाराच्या आत, पिवळं हेल्मेट घालून लोटन हसत होता.